जस्त कोणी टाकलं

नळी पुन्हा गढूळ झाली होती. बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली, जणू कोन बदलला की नळीचं मतही बदलेल. नळी आपल्या मतावर ठाम होती. आत जंतू मजेत वाढले होते. ते वाढायला नको होते, कारण त्यांना उपाशी मारण्याचा चोख बंदोबस्त बाईंनी स्वतःच्या हातांनी केला होता.

हे न्यूमोनियाचे जंतू. फुप्फुसात बिऱ्हाड मांडणारे. माणसासारखंच त्यांनाही जगायला किंचितसं जस्त लागतं, आणि ते मिळवायला त्यांच्या अंगावर दोन खास प्रथिनं असतात. ही प्रथिनं आजूबाजूचं जस्त पकडतात आणि एकाच दारातून आत पोचवतात. प्रयोगशाळेत सगळे त्यांना 'जावा' म्हणत. थोरली जाऊ भरल्या घरात काम करणारी. धाकटी खरी चिवट, टंचाई पडली की तीच घर चालवते, कुठे कण दडलेला असेल तिथून ओढून आणते. माणसाचं शरीरही काही भोळा सांब नाही. जंतू शिरल्याचा सुगावा लागला की ते आपलं जस्त कुलपात घालतं. धाकटी त्या कुलपालाही पुरून उरते.

बाईंनी दोन्ही जावांना घराबाहेर काढलेला जंतू तयार केला होता. जस्त काढून टाकलेल्या द्रवात हा जंतू मेला, तर जगाला सांगता येणार होतं की या दोघींचे हात बांधणारं औषध शोधा, पुढचं काम उपासमार करील. कित्येक वर्षांची मेहनत होती त्यामागे. आता फक्त जंतूने मरायचं बाकी होतं.

दाढीच्या नळ्यांमध्ये तो मुकाट्याने मरत होता. बाईंच्या नळ्यांमध्ये बाळसं धरत होता.

दाढी म्हणजे प्रयोगशाळेत नव्याने आलेला संशोधक. छातीपर्यंत दाढी, बोलणं कमी, हात स्वच्छ. याआधी तो दुसऱ्या एका संस्थेत होता, आणि तिथेही याच दोन जावांवर काम चाललं होतं. बाईंनीच त्याला निवडला. पहिल्याच दिवशी तो त्यांना 'ताई' म्हणाला, आणि बाईंनाही ते आवडलं. त्याची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही हे महिनाअखेरीला ठरायचं होतं, आणि ते बाईंच्या एका शब्दावर होतं. हे बाईंना ठाऊक होतं, प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांना ठाऊक होतं, आणि दाढीला तर पक्कं ठाऊक होतं.

साहेबांचा एक नियम होता. कुठलाही निकाल दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातून निघाल्याशिवाय छापायला जाणार नाही. म्हणून बाई आणि दाढी तोच प्रयोग आपापल्या टेबलावर करत. द्रव एकाच बाटलीतला, जंतू एकाच पेटीतले, नळ्या एकाच पाकिटातल्या. तरी त्याची नळी स्वच्छ आणि यांची गढूळ. याचा अर्थ बाईंच्या द्रवात कुठून तरी जस्त येत होतं. आता सरळ डोक्याचा माणूस म्हणेल की चूक आपली असेल. बाईंना स्वतःची चूक काढायची सवय नव्हती. दुसऱ्यांच्या चुका काढण्यातच त्यांचा दिवस भरून जाई.

आणि चूक व्हायची तरी कशी? त्या खोलीचे नियम बाईंनीच घातलेले. काचेची भांडी बंद, कारण काचेतूनही जस्त उतरतं. रबरी बुचं बंद. पावडर लावलेले हातमोजे बंद. उन्हाचं क्रीम चोपडून आलेल्या एका मुलीला बाईंनी दारातूनच परत पाठवलं होतं, "तोंड धुऊन ये, तुझ्या गालावर माझ्या जंतूंची जत्रा भरेल इतकं जस्त आहे," असं सगळ्यांसमोर म्हणून. ती पोरगी पुढे बरेच दिवस बाईंना बघितलं की गाल पुसायची. बाई स्वतः तोंडाला पाण्याशिवाय काही लावत नसत.

म्हणजे जस्त आपोआप येत नव्हतं. कोणीतरी आणत होतं. असा विचार एकदा डोक्यात शिरला की तो पाहुण्यासारखा दोन दिवसांनी उठून जात नाही. बाईंनी हिशेब मांडला. नळ्या गढूळ कधीपासून व्हायला लागल्या? दाढी आला त्या महिन्यापासून. जुन्या संस्थेतल्या त्याच्या गुरूंना काय हवं असेल? आपला निकाल अडकावा, म्हणजे त्यांचा आधी छापून येईल. सगळं कसं चपखल बसत होतं. इतकं चपखल बसलेलं दिसलं की एरवी बाईंनाच शंका यायची. या वेळी आली नाही.

त्याच महिन्यात आणखीही एक गोष्ट घडली होती, पण ती घरातली, म्हणून हिशेबात आली नाही. सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या होत्या. कंबरेचं हाड मोडलेलं, उठणं-बसणं बंद, आणि पडून पडून पाठीला जखमा झालेल्या. दिवसभर सांभाळायला एक मावशी ठेवल्या होत्या, पण सासूबाईंना त्यांचा हात खरखरीत वाटे. म्हणून रोज सकाळी कामावर निघायच्या आधी बाई स्वतः त्यांना कुशीवर वळवत, पाठ पुसून कोरडी करत आणि दवाखान्याने साध्या प्लॅस्टिकच्या डबीत भरून दिलेलं पांढरं मलम हलक्या हाताने लावत.

"मावशी माझी साखर खाते," सासूबाई उशीत तोंड खुपसून म्हणत.

"नाही खात हो, आई."

"खाते. डबा खाली जातो रोज. मी पडलेय म्हणून काय आंधळी झालेय?"

"चहात तुम्हालाच दोन-दोन चमचे लागतात."

"तुझा सगळ्यांवर विश्वास. भोगशील एक दिवस."

यावर बाई हसत. संशयाला औषध नाही, असं रात्री जेवताना नवऱ्याला म्हणत. मग सकाळी हात धुऊन, पर्स उचलून, दाढीवर नजर ठेवायला निघत.

संशय आल्यापासून बाई दाढीला 'तुम्ही' म्हणायला लागल्या होत्या. आधी 'अरे, ती बाटली दे रे' असायचं, आता 'ती बाटली द्याल का' झालं. दाढीच्या हे लक्षात आलं. तो आणखी गप्प झाला, आणि गप्प माणूस तर जास्तच संशयास्पद दिसतो.

एकदा दोघं शेजारी उभे राहून नळ्या बघत होते. दाढी थोडा जवळ वाकला, मग मागे सरकला. काही वेळ घुटमळून म्हणाला, "ताई, घरी कोणी आजारी आहे का?"

बाईंनी वळून पाहिलं. "का? तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. सहज विचारलं."

"माझ्या घरच्या चौकशा सहज कशाला करायच्या? इथे कामाला येतो आपण."

"बरं, ताई," तो म्हणाला आणि आपल्या टेबलाकडे गेला. बाईंच्या मनात लगेच पुढचा हिशेब सुरू झाला. घरी आजारपण आहे का, म्हणजे बाई लवकर जातात का, उशिरा येतात का, टेबल किती वेळ मोकळं असतं. टेहळणी चालली आहे, दुसरं काय.

मग तो दिवस आला ज्या दिवशी बाई ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी पोचल्या. खोलीत दाढी एकटाच होता, आणि तो बाईंच्या टेबलापाशी होता. हातात ओला कागद. बाईंच्या हातमोज्यांची उघडी पेटी त्याने उचलून बाजूला ठेवली होती आणि तिच्या जागी नवीन, न फोडलेली पेटी मांडली होती. बाईंना बघून तो कानापर्यंत लाल झाला.

"काय चाललंय?"

"काही नाही. सांडलं होतं काहीतरी, ते पुसत होतो."

"माझ्या टेबलावर?"

"हो."

"आणि ग्लोव्हज?"

"ते... जुने झाले होते."

ग्लोव्हज जुने होतात हे बाई आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांनी त्या दोन्ही पेट्या कचऱ्यात टाकल्या आणि दुपारी बाजारातून एक कुलूप आणलं. नळ्या, पिपेट, हातमोजे, आपल्या वाटणीचा द्रव, सगळं कपाटात बंद. किल्ली पर्समध्ये. आता बघू म्हणावं.

नळी पुन्हा गढूळ झाली.

कुलपातली नळीही गढूळ होते, म्हटल्यावर बाहेरच्या माणसाचा हात नाही असं कोणीही म्हणालं असतं. बाईंनी मात्र उलटा अर्थ काढला. दाढीकडे दुसरी किल्ली आहे. त्या दिवशी त्यांना चहा गोड लागला नाही. राग तर होताच, पण त्याच्या खाली दुःखही होतं, कारण हा मुलगा त्यांना खरोखर आवडला होता. आपल्या माणसाने दगा द्यावा याचं जेवढं लागतं तेवढं परक्याचं लागत नाही.

त्या थेट साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. साहेब बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

"बाई, आरोप साधा नाही. पोराचं आयुष्य आहे. इथून असा डाग घेऊन गेला तर त्याला कोणी दारात उभं करणार नाही."

"माझी तरी हौस आहे का? मीच आणलाय त्याला."

"खात्री आहे?"

"शंभर टक्के."

"मग तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. उद्या जेवणानंतर बोलावून सांगतो त्याला. पण त्याने विचारलं, पुरावा काय, तर माझ्या हातात काहीतरी द्या."

"देते," बाई म्हणाल्या.

जस्त जिथे असेल तिथे हिरवं चमकणारा एक रंग प्रयोगशाळेत होताच. दुसऱ्या दिवशी दाढी जेवायला गेल्यावर बाईंनी ओल्या बोळ्यांनी नमुने घेतले. त्याच्या टेबलाचे, त्याच्या पिपेटचे, त्याच्या खणाच्या मुठीचे, खुंटीवर टांगलेल्या त्याच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्यांचे. खण उघडताना त्यांना क्षणभर लाज वाटली. आत एक फणी, एक पेन आणि अर्धवट खाल्लेला बिस्किटाचा पुडा होता. त्यांनी बिस्किटाच्या पुड्यालाही बोळा लावला.

आता एक नमुना राहिला. कुठल्याही तपासणीत एक नमुना असा ठेवायचा असतो, जो स्वच्छ आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं. त्याच्या अंधाराशी बाकीच्यांची चमक ताडून बघायची. बाईंनी ही गोष्ट आयुष्यभर शिकवली होती, त्यामुळे चोर पकडण्याच्या घाईतही त्या विसरल्या नाहीत. स्वच्छ म्हणून काय घ्यावं? त्यांनी साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि बोळा आपल्याच बोटांवरून फिरवला.

सगळ्या नळ्यांत रंग टाकून त्यांनी त्या अंधाऱ्या पेटीत ठेवल्या आणि दिवा लावला. टेबल, अंधार. पिपेट, अंधार. खण, बाह्या, सगळा अंधार. बिस्किटंसुद्धा निर्दोष. आणि शेवटची, बाईंची स्वतःची नळी हिरवीगार चमकत होती.

पहिला विचार काय आला असेल? साबणात टाकलं! दाढीने साबणात जस्त टाकलं. बाईंनी साबणाचा नमुना घेतला. अंधार. नळाचा घेतला. तोही अंधार. कपाटातून हातमोज्यांची पेटी काढली. तळातले मोजे स्वच्छ निघाले. वरचे, जे त्यांनी उघड्या बोटांनी ओढले होते, ते चमकले. मग त्यांनी हात पुन्हा धुतले, घासून घासून धुतले, आणि तेच बोट रंगात बुडवून दिव्याखाली धरलं. नखांच्या कडेने हिरवी रेघ उमटली. पाण्याला न जुमानणारी. बाईंनी बोट नाकाशी नेलं.

घरचा वास आला. सासूबाईंच्या खोलीचा.

पांढरं, चिकट, पाण्याने न निघणारं, जखम कोरडी ठेवणारं. अशा मलमात जस्त असतं हे कोणालाही विचारावं लागत नाही, आणि बाईंना तर मुळीच नाही. बाजारातल्या तमाम क्रीमांवर त्यांनी बंदी घातली होती. पण हे क्रीम नव्हतं, ते आईंचं औषध होतं. त्याला त्या रोज सकाळी हात लावत होत्या आणि एकदाही त्या डबीकडे कामावरच्या डोळ्यांनी बघितलं नव्हतं. जगाच्या कानाकोपऱ्यातलं जस्त शोधत फिरलेली बाई ते रोज नखात घेऊन कामावर येत होती. वर ज्याने हातमोज्यांची पेटी बदलून ते थांबवायची धडपड केली, त्याच्यावर दगाबाजीचा आळ घालून मोकळी झाली होती. घरी कोणी आजारी आहे का, असं त्याने विचारलं होतं.

खोलीत कोणी नव्हतं. खोटं कशाला सांगू, बाईंच्या मनात तेही येऊन गेलं. नळी बेसिनमध्ये ओतली की झालं. उद्यापासून मलम दुसऱ्या कोणी लावावं, नळ्या आपोआप स्वच्छ होतील, आणि दाढी गेल्यावर झाल्या म्हटल्यावर लोक काय म्हणतील ते उघडच आहे. बाईंचा शब्द खरा ठरेल. त्यांनी नळी हातात घेतली. तेवढ्यात कॉरिडॉरमधून साहेबांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. घड्याळाकडे बघायची गरज नव्हती, जेवणं झाली होती.

बाई न ठोठावताच आत शिरल्या. दाढी खुर्चीच्या टोकावर बसला होता, हात गुडघ्यांवर, आणि साहेब त्याच्याकडे न बघता काहीतरी बोलत होते.

"थांबा, साहेब," बाई म्हणाल्या. "पुरावा आणलाय."

दाढीने मान वर केली. बाईंनी दिवा टेबलावर ठेवला, खिडकीचा पडदा ओढला, आणि नळ्या एकेक करून दाखवल्या. "हे याचं टेबल. हा याचा खण, मी चोरून उघडला. हा याचा कोट. कुठेही काही नाही." मग शेवटची नळी ठेवली, आणि तिच्या शेजारी आपला हात. "आणि ही मी."

साहेब वाकून बघत राहिले. "हे काय लागलंय?"

"सासूबाईंचं मलम. रोज सकाळी मीच लावते. सगळ्या नळ्या मीच बिघडवल्या. याचा काही दोष नाही, आणि माझे कालचे शब्द मी परत घेते."

साहेबांनी दाढीला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"वास ओळखला होता," दाढी म्हणाला. "माझी आई शेवटी वर्षभर पडून होती. तिला मी लावायचो. तो वास जात नाही."

"मग बोलला का नाहीस?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. कित्येक दिवसांनी त्या त्याला 'तू' म्हणाल्या होत्या.

"विचारलं होतं मी. घरी कोणी आजारी आहे का म्हणून. त्यापुढे काय बोलणार होतो? माझं राहणं-जाणं तुमच्या हातात. त्याच हाताला जस्त लागलंय, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हटलं, टेबल पुसत राहू, ग्लोव्हज बदलत राहू. नळी स्वच्छ झाली की विषयच संपेल."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "फार चुकलं. मला माफ कर."

"असू दे," दाढी म्हणाला. पण तो दिव्याकडे बघत म्हणाला, बाईंकडे नाही.

त्याची नेमणूक पुढे चालू राहिली. घरी मलम लावायचं काम नवऱ्याने घेतलं. त्याचाही हात सासूबाईंना खरखरीतच वाटला, पण मुलाला कोण बोलणार? साखरेचं गाऱ्हाणं मात्र संपलं नाही. "मावशीने आज पुन्हा खाल्ली," असं त्या म्हणाल्या, तेव्हा बाई एरवीसारख्या हसल्या नाहीत. "आई, डोळ्यांनी बघितलंत का तुम्ही?" असं इतक्या जोरात विचारलं, की म्हातारी एकदम गप्प बसली, आणि स्वयंपाकघरातल्या मावशीही.

बाईंची पहिली नळी स्वच्छ निघाली त्या सकाळी त्या ती घेऊन दाढीच्या टेबलापाशी गेल्या. दोन जावांवाचून जंतू उपाशी मेला होता, दोन माणसांच्या हातून मेला होता, आता छापायला हरकत नव्हती. त्याने नळी उजेडात धरून बघितली, मान डोलावली आणि परत दिली. मग बाईंची नजर खाली गेली. त्याच्या खणाला एक नवीन कुलूप लागलेलं होतं, छोटंसं, बाईंनी बाजारातून आणलं होतं तसलंच.

"आत काय ठेवलंयस रे एवढं?" बाईंनी हसायचा प्रयत्न करत विचारलं.

"काही नाही, मॅडम," दाढी म्हणाला. "बिस्किटं."